चांदीचा डाग

नव्या पेठेतल्या चपलांच्या दुकानात वैजयंतीनं डाव्या पायातली जुनी सँडल काढली आणि समोरच्या स्टुलावर बसलेला दुकानदार तिच्या पायाकडं बघून हसला. "म्याडम, लई हिंडता की उन्हात," म्हणाला आणि नंबर विचारून मागच्या खोक्यांच्या थप्पीकडं वळला. त्यात मनाला लागण्यासारखं काही नव्हतं. मे महिन्यात सोलापुरात हिंडणाऱ्या कुणाचा पाय गोरा राहिलाय? पण तो हसला म्हणून तिनंही खाली पाहिलं. पाऊल रापून काळपट झालं होतं, आणि जिथं सँडलचे पट्टे बसायचे तेवढीच कातडी जुन्या रंगाची राहिली होती, इतकी नेमकी की सँडल अजून पायातच आहे असं वाटावं. तिनं त्या पट्ट्यावरून बोट फिरवलं. झाकलेलं होतं म्हणून काळं पडलं नाही. इतकं सरळ. आणि तेवढ्यात तिचं बोट थांबलं. कारण काल सकाळी एका माणसाच्या पायाच्या काळ्या पडलेल्या बोटाचा फोटो मोबाइलवर बघून, दुसऱ्या हातात चहाचा कप धरून, तिनं बिनदिक्कत लिहून टाकलं होतं, 'चांदीचा डाग आहे. उजेडानं काळा पडतो. काळजी नको.' आणि ते बोट झाकलेलं होतं. आधी कापड, त्यावर कापूस, त्यावर पट्टी आणि वरून मोजा. तिथं उजेड येणार कुठून?

दुकानदार खोकी घेऊन आला. त्यानं नवी सँडल तिच्या पायात सरकवली, टाचेकडून दाबून बघितली, "चालून बगा की" म्हणाला. ती उठली आणि आरशासमोरून चालली. एका पायात नवं, दुसऱ्यात जुनं. आरशात बेताच्या उंचीची, पंचेचाळिशीची, चष्मा लावलेली बाई लंगडल्यासारखी चालत होती. विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवणारी बाई. दरवर्षी पहिल्या वर्गात ती पोरांना चांदीचं द्रावण तपकिरी बाटलीत का ठेवायचं ते विचारते आणि उत्तर आलं नाही की चिडते. स्वतःच्या फळ्यावरची गोष्ट तिला काल आठवली नाही. तिनं घेतली का ती सँडल, की तशीच परत दिली, हे नंतर तिला सांगता आलं नसतं. बाहेर उन्हात आल्यावर पाहिलं तर पायात जुनीच होती.

हे कापडाचं प्रकरण तिघांचं होतं. डॉक्टर उदयसिंह सर्जन होते. मधुमेहानं कुजलेले पाय कापून कापून ते वैतागले होते आणि पाय कापण्याआधी काही करता येतं का याच्या शोधात होते. अमरेश टॉवेलच्या कारखान्यात टेक्सटाइल इंजिनिअर होता. आणि वैजयंतीला चांदीचे इतके बारीक कण करता यायचे की केसाच्या जाडीत त्यांची जत्रा भरावी. चांदी जंतूंना मारते. ते कण सुताच्या धाग्यात बसवायचे, त्या धाग्याचं मऊ कापड विणायचं आणि ते जखमेवर ठेवायचं, अशी कल्पना. पहिल्या बैठकीत तिघंही आपापल्या भाषेत बोलत होते. ती तापमानाबद्दल बोलायची, डॉक्टर विचारायचे की पेशंटला आग होईल का, आणि अमरेश म्हणायचा, "ते सगळं ठीक हाय, पण किती मीटर लागणार?" मग तिघं हसायचे. त्या हसण्यातून एक रीत पडून गेली. ज्याचा विषय त्यानं उत्तर द्यायचं, बाकीच्यांनी नाक खुपसायचं नाही. धाग्याचं अमरेश सांगणार, चांदीचं वैजयंती, पायाचं डॉक्टर. मोबाइलवर तिघांचा ग्रुप होता, त्यात पेशंटच्या घरच्यांनाही घेतलं होतं, ते फोटो पाठवायचे, आणि जो कुणी उत्तर देईल त्याला बाकीचे दोघे अंगठा देऊन मोकळे व्हायचे. किती छान जमलंय आपलं, असं तिनं एका परिसंवादात माइकवर सांगितलं होतं. एकमेकांच्या क्षेत्राचा आदर, असा शब्द वापरला होता. लोकांनी टाळ्याही वाजवल्या होत्या. आता भर उन्हात, पायपुसण्या विकणाऱ्या गाड्याशेजारी उभी राहून, तिला त्या टाळ्यांची भीती वाटली. काल तिच्या वाक्याखाली डॉक्टरांचा अंगठा आला होता. अमरेशचाही. तिला वाटलं होतं, डॉक्टरांनी बघितलंय. आणि डॉक्टरांना वाटलं असणार, चांदीचं आहे, मॅडमना कळतं.

तिनं डॉक्टरांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. पुतणीच्या साखरपुड्याला मोहोळला जाणार असं ते परवा म्हणाले होते. मांडवात, गाण्यांच्या आवाजात खिशातला फोन कुणाला ऐकू येतोय. विद्यापीठात जावं का? प्रयोगशाळेत तो फोटो मोठ्या पडद्यावर बघता येईल, कापडाचा तुकडा अंधारात ठेवून काळा पडतो का तेही तपासता येईल, म्हणजे काहीतरी ठोस हातात असेल. ती रिक्षावाल्याला विद्यापीठ म्हणणारच होती. तोंड उघडलं आणि तिला स्वतःची लबाडी कळली. तुकडा अंधारात ठेवायचा म्हणजे वाट बघायची. वाट बघायची म्हणजे आज काही करायचं नाही. "होटगी," ती म्हणाली. "गावात. स्टेशनजवळ." रिक्षावाला, त्याच्या काचेवर सिद्धप्पा असं लाल अक्षरांत लिहिलेलं होतं, तिच्याकडं वळून बघत म्हणाला, "लांब हाय की म्याडम. येताना मोकळंच यावं लागतंय." ती म्हणाली, येताना मी असेन. येताना आणखी कोण असेल ते ती बोलली नाही.

गैबीसाब होटगीचे. आयुष्यभर रेल्वेत, रुळांच्या कामावर. रिटायर झाल्यावर चार वर्षांत साखर वाढली आणि उजव्या पायाच्या तळव्याला अंगठ्याच्या मागं एक जखम झाली, ती भरेना. डॉक्टरांनी त्यांना कापडासाठी निवडलं तेव्हा वैजयंतीही दवाखान्यात होती. म्हणजे दारात होती. पेशंटच्या जवळ जायचं तिला जमत नसे. वास सहन होत नाही असं ती सांगायची, पण खरं कारण वास नव्हतं. उघडी जखम बघितली की तिला आपण कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलोय असं वाटायचं. प्रयोगशाळेत जंतू काचेच्या ताटलीत वाढतात, मेले की ताटली स्वच्छ दिसते, ताटलीला घरदार नसतं. गैबीसाबांनी मात्र दारातल्या तिला बघून हात जोडले होते. "तुमीच का चांदीवाल्या म्याडम? आता माज्या पायात दागिना घाला." सगळे हसले होते. त्यांची मुलगी रुक्साना पट्टी कशी बदलायची ते डॉक्टरांकडून शिकून घेत होती, ती हसली नव्हती. ती डॉक्टरांच्या हातांकडं बघत होती.

रिक्षा शहरातून बाहेर पडली आणि झळा आत येऊ लागल्या. वैजयंतीनं पदर तोंडावर ओढून मोबाइलवर सावली केली आणि कालचा फोटो उघडला. रुक्सानानं खाली लिहिलं होतं, 'आत्ताच पट्टी सोडली. बोट असं दिसतंय. काय करू?' आत्ताच सोडली. हेही काल वाचलं होतं. वाचलं होतं ना? का नुसता काळा रंग बघितला आणि बोटं टाइप करू लागली? तिला दुसरा एक मार्ग सुचला आणि ती त्याला घट्ट धरून बसली. उजेड नसला तरी जखमेतल्या गंधकानं चांदी काळी पडू शकते. देव्हाऱ्यातलं निरंजन कपाटात ठेवलं तरी काळं पडतंच की. म्हणजे काल आपण कारण चुकीचं दिलं, पण डाग चांदीचाच. असं असू शकतं. अगदी असू शकतं. तिला जरा श्वास आला. रिक्षावाला फोनवर कुणाशी तरी कानडीत बोलत होता, मध्येच हसत होता, आणि त्याच्या हसण्यानंही तिला बरं वाटलं. जगात सगळं जागच्या जागी असल्यावरच माणूस असं हसतो.

काळ्या रंगाची तिला कधी भीती वाटली नव्हती, हेच तर झालं. तिच्या वडलांचा, अप्पांचा, मंगळवार पेठेत फोटो स्टुडिओ होता. मागं अंधारी खोली, लाल बल्ब, रसायनाच्या ट्रेमध्ये हळूहळू उगवणारे नवरा-नवरीचे चेहरे, आणि फोटो धुवायच्या हायपोचा तो नाकात बसणारा वास. अप्पांच्या उजव्या हाताची बोटं कायम काळी. साबणानं जात नसत, लिंबानं जात नसत. जेवताना ती काळी बोटं भाकरी मोडायची आणि आई दर सणाला म्हणायची, पुरणाला हात लावू नका बाई तुमी. शाळेतल्या एका मुलीनं विचारलं होतं, तुझ्या वडलांना रोग झालाय का गं? ती रडत घरी आली तेव्हा अप्पांनी तिला मांडीवर घेतलं आणि बोटं तिच्या डोळ्यांसमोर धरली. "हे चांदीचं काळं हाय, वैजू. हे जात न्हाई, पण खातबी न्हाई." मग त्याच बोटांनी तिचं नाक पुसलं. पुढं ती रसायनशास्त्राकडं गेली, चांदीच्याच मागं लागली, आणि मुलाखत घेणाऱ्यांना तिनं वेगवेगळी कारणं सांगितली, पण खरं कारण ही बोटं होती. काळं म्हणजे चांदी आणि चांदी म्हणजे अप्पांचा हात. काल फोटो बघितल्या बघितल्या तिला काय वाटलं होतं ते तिनं आता नीट आठवून पाहिलं. तिला आनंद झाला होता. कापडातून चांदी बाहेर येतेय, कातडीपर्यंत पोचतेय, म्हणजे आपलं काम होतंय. ती त्या बोटावर खूश झाली होती.

तिनं फोटो मोठा केला. दोन बोटांनी ताणत ताणत इतका, की पडद्यावर फक्त पाऊल राहिलं. कापड जखमेवर तसंच होतं. रुक्सानानं ते काढायच्या आधीच फोटो काढला होता. कापडाच्या काठाला निळा धागा दिसत होता. तो अमरेशचा. कापडाची कुठली बाजू जखमेकडं ठेवायची ते घरच्या माणसाला कळावं आणि कापड कुठं संपतं ते दिसावं म्हणून त्यानं काठात निळा दोरा विणला होता. तिला तेव्हा ते फालतू लाड वाटले होते. निळा दोरा तळव्यावर, अंगठ्याच्या मुळाशी संपत होता. आणि काळं बोट अंगठ्याच्या शेजारचं होतं. काळं शेंड्यापासून सुरू होऊन मधल्या पेरापर्यंत आलं होतं आणि तिथं थांबलं होतं. मधल्या पेरापासून निळ्या दोऱ्यापर्यंतची कातडी साधी होती, माणसाच्या रंगाची. कापड तिथं पोचलंच नव्हतं. चांदी उडी मारून शेंड्यावर जात नाही. तिनं फोटो लहान केला, पुन्हा मोठा केला, जणू काळ्यानं तेवढ्यात जागा बदलली असती. गंधकाचा विचार आला तसा गेला. मग भीती आली. ती मघापासून होतीच, पण आता तिला नाव होतं. डॉक्टरांच्या तोंडी तो शब्द तिनं खूपदा ऐकला होता, अगदी सहज, चहा पिता पिता. गँगरीन. काल सकाळी ते मधल्या पेराशी होतं. आज दुपार झाली होती.

आणि माणूस भीतीत काय काय करतो. तिचं बोट कालच्या तिच्या वाक्यावर गेलं, दाबून राहिलं, आणि पडद्यावर पर्याय आला, सगळ्यांसाठी पुसून टाकायचं का? पुसता येत होतं अजून. पुसलं तर तिथं काहीतरी होतं एवढंच कळेल, काय होतं ते नाही. प्रकल्पाचं वर्ष संपत आलं होतं, शोधनिबंध पाठवायचा होता, तिच्या हाताखालची संस्कृती नावाची मुलगी याच कापडावर पीएच.डी. करत होती. एक पाय गेला तर लोक म्हणणार कापडानं गेला. तो कापडानं जाणार नव्हता; कापड आपल्या निळ्या दोऱ्याच्या आत इमानानं काम करत होतं. एका वाक्यानं जाणार होता. ती त्या पर्यायाकडं बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं की रिक्षात बसल्यापासून तिनं प्रकल्पाचा, निबंधाचा, संस्कृतीचा, स्वतःच्या नावाचा विचार केला, आणि पाय हा शब्द त्या सगळ्याच्या शेपटाला आला. तिला स्वतःची किळस आली. तिनं मोबाइल पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन लावली, उगाच, आतलं काही बाहेर येणार असल्यासारखी. वाक्य तसंच राहिलं.

फाटकाशी मालगाडी जात होती. रिक्षा थांबली. डबे संपेचनात. सिद्धप्पानं इंजिन बंद केलं, पाण्याची बाटली तोंडाला लावली, तिलाही विचारलं. तिनं मान हलवली. शेवटचा डबा गेला आणि फाटक उघडलं, तेव्हा तिला एक क्षण वाटलं की अजून एक गाडी यावी. तिला तिथं पोचायचं नव्हतं. पोचेपर्यंत तरी ते बोट दोन्ही होतं, चांदीचंही आणि मेलेलंही.

गैबीसाबांचं घर पत्र्याचं, पुढं ओटा, ओट्यावर बाज. बाजेवर ते उशीला टेकून बसले होते आणि उजवा पाय लोडावर होता, पांढरा मोजा चढवलेला. तिला बघून त्यांना काय करू नि काय नको झालं. "आवो म्याडम! रुक्साना, देख कोन आया. पानी ला." मग तिच्याकडं वळून, "बसा की. ऊन किती हाय, अन् तुमी एवढ्या लांब." ओट्याखाली शेजारच्या सोजरबाई शेंगा निवडत बसल्या होत्या; त्यांच्याकडं हात करून ते म्हणाले, "ह्यांना सांगत हुतो आत्ता. आमच्या पायात चांदी उतरली. गावातल्या बाया पायात जोडवी घालत्यात, मला डॉक्टरनी आतूनच घातली." सोजरबाई तोंडाला पदर लावून हसल्या. गैबीसाबांचा चेहरा जरा जास्तच लाल दिसत होता, डोळे चमकत होते, आणि तिला कळेना की हा उत्साह आहे की ताप आहे. असल्या गोष्टी तिला कळत नसत. तिला ताटल्या कळत.

रुक्साना पाणी घेऊन आली. तिशीची, बारीक चणीची, शिवणाचं मशीन चालवून घर चालवणारी. पेला देताना तिनं सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं. "म्याडम, तुमी आलात म्हंजी काय तरी हाय." वैजयंती म्हणाली, "पट्टी सोडून बघूया जरा." "काल मी रिक्षा बोलावली हुती," रुक्साना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "दवाखान्यात न्यायला. दारात आलती रिक्षा. अब्बांना उठवलं, चप्पल घातली. तेवढ्यात तुमचा मेसेज आला. मग मी त्याला परत पाठवलं." वैजयंतीनं पेला खाली ठेवला. तिला वाटलं रुक्साना आणखी काही बोलेल, बोलली तर बरं होईल. ती हात धुवायला आत गेली.

मोजा निघाला. पट्टीचे वेढे सुटू लागले आणि वास आला. वैजयंती या वासाला नेहमी दारात थांबायची. आज दार नव्हतं, ओटा होता, आणि ती बाजेच्या कडेला बसली होती. कापूस निघाला. निळा दोरा तिथंच होता, अंगठ्याच्या मुळाशी, आणि कापड उचललं तर त्याच्या आत जखम सुकत आली होती, चक्क गुलाबी, काठानं भरत आलेली. इतकी सुंदर जखम तिनं पाहिली नव्हती. आणि शेजारचं बोट मुळापर्यंत काळं झालं होतं. काळंसुद्धा कसलं, सुकलेल्या खारकेसारखं आक्रसलेलं. आणि बोटाच्या मुळापासून पावलाच्या वरच्या अंगाला एक लालसर पट्टा घोट्याकडं निघाला होता. तिला धावत जाऊन कुणाला तरी बोलवावंसं वाटलं, आणि बोलवायचं कुणाला, तर जो कळणारा माणूस तो मोहोळला, आणि इथं सगळे तिलाच कळणारा माणूस समजून तिच्याकडं बघत होते.

पर्समध्ये फोन वाजला. चेन उघडेना, लावताना तिनंच अस्तरात अडकवली होती. रुक्सानानं ती ओढून उघडली. डॉक्टर होते, मागं सनईची कॅसेट आणि माणसांचा गलका. "मॅडम, एवढे कॉल? काय झालं?" तिनं सांगितलं. चांदी नाही. झाकलेलं होतं, आणि दोऱ्याच्या बाहेर आहे. गलका मागं पडत गेला. ते चालत मांडवाबाहेर येत असावेत. मग त्या बाजूला शांत झालं. "मी तुमचं वाचून अंगठा दिला," ते म्हणाले. "फोटो उघडलाच नाही. चांदी म्हणजे तुमचं खातं." ती म्हणाली, "आणि मी तुमचा अंगठा बघून गप्प बसले." तिला वाटलं ते रागावतील, पण त्यांच्या श्वासावरून कळत होतं की तेही घाबरलेत, आणि ते कळल्यावर तिची भीती दुप्पट झाली. आजवर ती डॉक्टर घाबरत नाहीत या भरवशावर दारात उभी राहिली होती.

"फोन स्पीकरवर टाका," ते म्हणाले. आवाज बदलला होता, कामाचा झाला होता. "हात लावा."

"मी?"

"रुक्साना त्यांची मुलगी आहे. तिला नको. तुम्ही लावा. बोट गार आहे का?"

तिनं हात लावला. मे महिन्याच्या दुपारी, जिथं ओट्याची फरशीसुद्धा भाजत होती, ते बोट गार होतं. शेजारच्या अंगठ्याला हात लावला, तो गरम. "गार आहे," ती म्हणाली. गैबीसाब म्हणाले, "चांदी गारच असती की, म्याडम." सोजरबाईंचा शेंगा निवडणारा हात थांबला होता. "दाबा आणि सोडा," डॉक्टर म्हणाले. "रंग पालटतो का?" तिनं दाबलं, सोडलं. काहीच पालटलं नाही. तिनं लाल पट्ट्याचं सांगितलं, तो कुठवर गेलाय ते सांगितलं. डॉक्टर एवढंच म्हणाले, "अच्छा." मग म्हणाले, "पहिल्या दिवशी मी नायलॉनचा बारीक दोरा पायाला टेकवून तपासलं होतं. तळव्याला कळत नव्हतं, पण बोटांना कळत होतं त्यांना. आता विचारा."

तिनं काळ्या बोटाच्या मुळाशी अंगठा टेकवला. "चाचा, कळतंय का हात लावलेला?"

"कळतंय की," गैबीसाब लगेच म्हणाले.

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं अंगठा जरा वर सरकवला. "आणि इथं?" "तितंबी कळतंय." "इथं?" "व्हय, व्हय." कळतंय, ती फोनला म्हणाली, सगळीकडं कळतंय. तिला हसू फुटणार होतं. रुक्साना हसली नाही. ती वडलांच्या चेहऱ्याकडं बघत होती, पहिल्या दिवशी डॉक्टरांच्या हातांकडं बघत होती तशी. वैजयंतीनंही मग तिकडं पाहिलं. गैबीसाब मान पुढं काढून, अगदी लक्ष देऊन, तिच्या अंगठ्याकडं बघत होते. अंगठा जिकडं जाईल तिकडं त्यांचे डोळे जात होते, आणि ते हुशार पोरासारखे उत्तर देत होते. पाहुणी बाई एवढ्या उन्हातून आलीये, तिला नाही कसं म्हणायचं.

"मॅडम," फोनमधून आवाज आला, "त्यांना डोळे मिटायला सांगितलंत ना?"

तिनं सांगितलं नव्हतं. तिला माहीत नव्हतं. हे डॉक्टरांच्या खात्यातलं होतं.

"चाचा," ती म्हणाली, "जरा डोळे मिटा."

"मिटले." त्यांनी डोळे मिटले आणि हात मांडीवर ठेवून शहाण्यासारखे बसले. वैजयंतीनं अंगठा काळ्या बोटावर ठेवला आणि दाबला. आधी हळू. मग जोरात. मग इतका, की तिचं स्वतःचं नख पांढरं पडलं. पत्र्यावर कुठंतरी कावळा चालत होता, त्याची नखं ऐकू येत होती. गैबीसाबांचा चेहरा निवांत होता. ते वाट बघत होते. ती दाबत राहिली. काही तरी व्हावं, भुवई हलावी, शिवी द्यावी या माणसानं तिला, म्हणून ती दाबत राहिली.

"लावा की म्याडम," ते म्हणाले. "मिटलेत मी डोळे."

फोनवर तिकडं ऐकू गेलं होतं. गाडीचं दार बंद झाल्याचा आवाज आला, मग डॉक्टर म्हणाले, "मी निघालो. दवाखान्यात सांगतो. तुम्ही लगेच घेऊन या, चालवू नका त्यांना, उचला. पायाचं बघू. पाय वाचवायचा प्रयत्न करू." रुक्साना आधीच उठली होती, आत जाऊन ओढणी घेत होती. ओट्याखाली सोजरबाई सिद्धप्पाला हाक मारत होत्या, रिक्षा अशी उलटी घे म्हणून सांगत होत्या. वैजयंतीचा अंगठा अजून तिथंच होता. तो उचलायचं तिच्या ध्यानात आलं नाही, किंवा आलं आणि धीर झाला नाही.

"उघडू का?" गैबीसाबांनी विचारलं.

ती म्हणाली, "उघडा, चाचा."

त्यांनी डोळे उघडले, पायाकडं बघितलं, बोटावर रुतलेला तिचा अंगठा बघितला, आणि तिला बरं वाटावं म्हणून मान हलवली.

"हां," ते म्हणाले. "आता कळतंय."